नदीपलीकडचे मीठ

१

भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे आम्ही चौघे पाहत होतो आणि पहिला शब्द आपल्या तोंडून निघू नये याची काळजी जो तो घेत होता. हरमाटनचा कोरडा वारा सुरू झाला होता. वाळवंटाची तांबूस भुकटी फटीफटींतून आत येऊन टेबलावर, पुस्तकांवर, आमच्या पापण्यांवर बसत होती. खाली मोकोलाच्या रस्त्यावर एक लॉरी बंद पडली होती आणि ड्रायव्हर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. एरवी आम्ही हसलो असतो.

त्या चौकोनात युद्धाच्या पहिल्या वर्षापासून एक फोटो होता. एकाच कापडाचे सदरे घातलेले दोन तरुण, खांद्याला खांदा लावून बसलेले. ताइवो आणि केहिंदे आडिगुन, जुळे भाऊ. एक कवी, दुसरा चित्रकार. आता नुसती चौकट टेबलावर पालथी पडली होती. काचेला ओरखडा नव्हता. मागचा पुठ्ठा बाजूला नीट टेकवून ठेवलेला, आणि उपटलेले बारीक खिळे पाहुण्यांना कोलाच्या बिया द्यायच्या लाकडी बशीत गोळा केलेले. शेजारी छपाईचे ठिपके तपासायचे भिंग होते. फोटो नव्हता.

"फोटोच तर आहे," शेवटी संपादक कोबिना आन्सा म्हणाला. "जाऊ द्या."

"जाऊ कसा द्यायचा, एग्बोन?" केहिंदे म्हणाला. थोरल्या भावाला आमच्यात अशी हाक मारतात. आन्सा त्याच्या ना नात्याचा ना गावचा, समुद्रकाठच्या केप कोस्टहून आलेला परका माणूस. तरी हाक तीच. "शुक्रवारी टपाल निघणार. लंडनवाल्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी तोच मागितलाय."

"मी चोरला असता तर चौकटीसकट नेला असता," ओबियागेली टाइपरायटरमागून म्हणाली. "चौकट तरी विकली गेली असती. तुम्हा दोघांच्या थोबाडांना डुग्बेच्या बाजारात कोण विचारतो?"

आन्साने चौकट उचलली आणि बाहीने तिच्यावरची भुकटी पुसली. "ही आराबानं आणलेली," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दुकानदाराशी भांडून भांडून त्याला रडकुंडीला आणला होता तिनं."

'इलेकुन' म्हणजे दार. या दोन खोल्यांतून निघणाऱ्या आमच्या नियतकालिकाला हे नाव आन्सानेच दिले होते, आणि ते दार खरोखरच उघडले होते. केहिंदेने लिनोलियमवर कोरलेली मुखपृष्ठे पाहून ब्राझीलच्या बाहियातल्या तरुणांनी हातात कोरण्या घेतल्या. किंग्स्टनचे विद्यार्थी आमच्या कविता सभांतून म्हणू लागले. प्रागमध्ये त्यांची भाषांतरे झाली. पण सर्वांत दूर पोचल्या त्या ताइवोच्या कविता. तो एनुगूला शाळामास्तर होता. इग्बो लोकांचा मुलूख वेगळा होऊन देश दुभंगला, युद्ध पेटले, तेव्हा आमच्या योरुबा लोकांतला असूनही तो आपल्या इग्बो विद्यार्थ्यांसोबत नायजर नदीच्या पलीकडेच राहिला. तिथून हस्ते-परहस्ते कविता येत. केहिंदे त्या आणून देई आणि आन्सा छापी. शत्रूच्या मुलखातले शब्द छापले म्हणून आन्साला धरून नेले. कविता कुठून येतात, कोण आणून देतो, हे त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. आठ महिने तो कोठडीत होता. त्याच आठ महिन्यांत त्याची बायको आराबा तापाने गेली आणि तिच्या मूठमातीलाही त्याला सोडले नाही. परतला तो अधू डोळे घेऊन. युद्ध संपले; ताइवो परतला नाही. आता त्याच्या कवितांचे पुस्तक लंडन आणि बाहिया येथून एकाच वेळी निघणार होते. आयुष्याला अर्थ होता असे म्हणायला आन्साजवळ एवढे एक पुस्तक उरले होते.

मला बोलावले होते केहिंदेने. मी मोरेनिके आलाबी. उभे आयुष्य कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार जे बोलतो ते दुसऱ्या भाषेत सांगायचे, एवढेच माझे काम. पण हळूहळू तो जे बोलत नाही तेही मला ऐकू येऊ लागले. निवृत्तीनंतर 'इलेकुन'साठी जुनी गाणी भाषांतरित करते, आणि अधूनमधून कुणी हरवलेले काही शोधायला बोलावते.

"कुलूप?" मी विचारले.

"शाबूत. मीच उघडलं सकाळी," ओबियागेली म्हणाली. "शनिवारी मीच लावलं. तेव्हा दोघं भिंतीवर बसलेले होते."

किल्ल्या तिघांकडे होत्या. आणि ते तिघेही माझ्यासमोर बसले होते.

२

दुपारी ओबियागेली व्हरांड्यात अकारा खात होती. एक वडा तिने कागदासकट माझ्यापुढे केला. युद्ध संपल्यावर ती नदीपलीकडून इथे आली होती, एका बोचक्यानिशी. धाकटी बहीण तिकडच्या मातीतच राहिली. आन्साने तिला काही न विचारता टाइपरायटरसमोर बसवले होते.

"आंटी, सरळ विचारा. मी इग्बो, म्हणून पहिला संशय माझ्यावर ना?"

"पहिला संशय भुकेवर," मी अकाराचा तुकडा मोडत म्हणाले. "तुला त्या कविता आवडत नाहीत, असं आन्सा म्हणाला."

"ओगांना काय कळतंय? ते तुमच्या अमालाच्या गोळ्यालाही काळा चिखल म्हणतात." आन्साला ती ओगा, म्हणजे साहेब म्हणे. ती हसली, मग थांबली. "आवडत नाहीत असं नाही. इतक्या चांगल्या आहेत की टाइप करताना मला मध्येच उठून पाणी प्यावं लागतं. पण एक ओळ आहे."

ती ओळ मला पाठ होती. सगळ्यांनाच होती. किंग्स्टनमध्ये ती भिंतीवर रंगवली होती म्हणे.

*आई, इथे माणसे मोजायला भांडे नाही,*
*आणि जखमेवर टाकायला मीठ मुबलक आहे.*

"मीठ," ओबियागेली म्हणाली. "आंटी, समुद्र आमच्या हातातून गेला होता. शेवटच्या वर्षी चिमूटभर मिठासाठी बायकांनी लग्नातली कापडं विकली. माझी आई राख गाळून कालवणात घालायची, जिभेला फसवायला. पोरांचे केस तांबडे झाले, पाय सुजले. जखमेवर मीठ टाकायचं म्हणतो! मीठ असतं ना, तर आम्ही ती जखम चाटली असती."

खालची लॉरी सुरू झाली, खोकली, पुन्हा बंद पडली.

"ज्यानं हे लिहिलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तो तिकडे नव्हता. निदान तेव्हा तरी नव्हता."

"हे आन्साला सांगितलंस?"

"त्या ओळींपायी ज्याची बायको एकटी गेली, त्याला मी मिठाचं सांगू?" तिने कागदाची घडी घातली. "तुम्ही सांगाल?"

मी दुसरेच विचारले. "टेबलावर भिंग कशाला होतं?"

"प्रुफं तपासत होतो म्हणाले ओगा." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पण प्रुफं तर आज सकाळी आली. माझ्याच हातात दिली प्रेसवाल्यानं."

३

ओजाबाच्या उतारावर गंजलेल्या पत्र्यांच्या छपरांखाली जुळ्यांची आई राहते. तिचे स्वतःचे नाव आता कुणाला आठवत नाही. सगळे तिला इया इबेजी म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. ती चुलीपाशी होती. पामतेलात शिजणाऱ्या चवळीचा वास गल्लीपर्यंत आला होता.

"बस, मोरेनिके. जुळ्यांच्या घरून चवळी न खाता जायचं नसतं."

भिंतीवर तोच फोटो होता, कचेरीतल्या फोटोचीच दुसरी प्रत. खाली फळीवर दोन वाट्या. इया इबेजीने आधी एकीत, मग दुसरीत डाव रिता केला, काचेवरून बोट फिरवले, आणि मग मला वाढले. हात इतका सरावलेला होता की त्यात दुःख शोधावे लागत होते, धान्यातल्या खड्यासारखे.

"हा फोटो कधीचा, इया?"

"पोरं एकत्र होती तेव्हाचा."

"म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर ताइवो येऊन गेला?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. "पहिला येतो तो ताइवो. तो पुढं येऊन जग कसंय ते बघतो. मागून येतो तो केहिंदे. पण थोरला तोच. कारण त्यानंच धाकट्याला पुढं पाठवलेलं असतं." तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "पुढं पाठवल्यावर त्याच्या खाण्यापिण्याचं बघायला नको? खा, गार होतंय."

मी घास उचलला आणि फोटोजवळ गेले. चार वर्षे तो मी कचेरीत लांबून पाहत आले होते. जुळ्यांना एका कापडाचे सदरे शिवतात, त्यात नवल नव्हते. पण उजवीकडच्याची कॉलर एका बाजूला मुडपली होती. डावीकडच्याचीही तशीच, त्याच बाजूला, तेवढीच. दोघांच्याही सदऱ्याचे एक बटण तुटलेले होते. तेच बटण. दोघांच्या मधोमध पडद्याची एक काळी घडी सरळ रेषेत खाली आली होती, कुणी मुद्दाम ओढल्यासारखी.

उरलेले घास मी भराभर संपवले आणि निघाले.

बाबा लावानींचा फोटोचा स्टुडिओ तिथून उतरणीला आहे. म्हातारा दारातच स्टुलावर बसला होता.

"कोर्टाची बाई आली," तो म्हणाला. "बोल, काय कबूल करू? बायकोला मारली नाही, ती मला मारून गेली."

मी आडिगुन जुळ्यांच्या फोटोबद्दल विचारले. म्हाताऱ्याची थट्टा मावळली. तो उठला, आत गेला, खोक्यांमागून खोकी सरकवल्याचा आवाज आला. परतला तेव्हा हातात काचेची जुनी निगेटिव्ह होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली.

काचेवर एकच माणूस होता.

४

आमच्यात जुळ्यांतला एक उरला नाही, तर तो शब्द कुणी उच्चारत नाही. उच्चारला तर दुसऱ्यालाही त्याच वाटेची हाक येते असे मानतात. मीही तो इथे स्वतःच्या वाक्यात लिहिणार नाही. आजोबांच्या काळी अशा मुलासाठी लाकडाची बाहुली कोरत. तिला न्हाऊ घालत, भरवत, आणि वर्षानुवर्षांच्या त्या हातांनी तिचा चेहरा झिजून गुळगुळीत होई. पुढे चर्चची घंटा वाजू लागली, बाहुलीची लाज वाटू लागली, तेव्हा काही घरे फोटोग्राफरकडे वळली. उरलेल्याला खुर्चीवर बसवायचे आणि एकाच काचेवरून दोनदा छापायचे. असे फोटो मी कितीतरी चुलींमागच्या भिंतींवर पाहिले होते. पण हा टांगला होता संपादकाच्या खुर्चीमागे, परदेशी पत्रांच्या शेजारी. तिथे मी त्याच्याकडे साहित्यिकांचा फोटो म्हणून पाहिले. जागा बदलली की आपले देवही आपल्याला ओळखू येत नाहीत.

कचेरीच्या मागच्या अंगणात केहिंदेची कोरायची शेड होती. तो लिनोच्या तुकड्यावर वाकला होता. कोरणीपुढून काळपट सालपटे वळत वळत खाली पडत होती.

"आईकडे जाऊन आलात, मा," तो मान वर न करता म्हणाला. "पामतेलाचा वास येतोय."

"बाबा लावानींकडेही गेले होते."

कोरणी थांबली. तो बोलू लागला, लिनोकडे पाहत, जणू ते वाक्यही त्यातूनच कोरून काढायचे होते.

"नदीपलीकडे बाजारावर विमानं आली त्या दिवशीचं आहे. युद्ध नुकतंच सुरू झालेलं. एक पाद्री ताइवोचं घड्याळ घेऊन आला. आईनं काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, फोटो काढून ये. काढला. मग एकदा एग्बोन घरी आले, त्यांनी भिंतीवर बघितला. म्हणाले, अरे, ताइवो येऊन गेला? आई तिथंच चवळी निवडत होती. मा, तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं? मान हलवली. ते खूश झाले. म्हणाले, काही लिहिलंय का त्यानं?"

"आणि तू लिहिलंस."

"आई वाटीत वाढते ना, तसं. रोज एक घास. वाटलं, एकदाच. पण छापून आली आणि जगभरातून पत्रं यायला लागली त्याच्या नावानं. तो जेवत होता, मा. मी थांबवू कसा?"

"आन्साला नेलं तेव्हा?"

त्याने कोरणी खाली ठेवली. भिंतीवर वाळत घातलेल्या मुखपृष्ठांतले सगळे चेहरे आमच्याकडे पाहत होते.

"तेव्हा सांगायचं म्हणजे कोर्टात तो शब्द उच्चारायचा. सगळ्यांदेखत. आईसमोर. आणि दुभाषी कोण होतं? तुम्ही. तो तुम्हाला दोनदा ऐकावा लागला असता आणि एकदा बोलावा लागला असता." त्याने बोटावरची शाई अंगठ्याने घासली. "एग्बोन सुटले त्या दिवशी मात्र सांगायलाच गेलो होतो. ते आराबाच्या थडग्यावरून आलेले. बुटांना माती तशीच. म्हणाले, केहिंदे, निदान कविता खऱ्या होत्या. मग मी परत आलो."

"म्हणून आता फोटो चोरलास. लंडनला जाऊन कुणाला दिसू नये म्हणून."

"मी?" त्या दिवसात पहिल्यांदाच तो हसला, आणि ते हसू पाहवले नाही. "मी चोर असतो तर तुम्हाला बोलावलं असतं? तो फोटो तिकडे जावा म्हणून मी रोज वाट बघतोय. तिथं पानभर मोठा करतील. कुणाला तरी कॉलर दिसेल, बटण दिसेल. कुणीतरी विचारेल. मला तोंड उघडावं लागणार नाही आणि तरी सुटेन. नाहीतर हे पुस्तक निघालं की ताइवो कायमचा कवी, आणि मी? भरवणारा हात. हाताला नाव नसतं, मा. मला माझ्या ओळी परत हव्यात. चोरून नाही. मागून."

त्याच्यासमोरच्या लिनोवर एक चेहरा अर्धा उमटला होता. त्याचाच, किंवा दुसऱ्याचा.

"हे काय कोरतोयस?"

"पहिल्या पानासाठी ताइवोचं चित्र. एग्बोननं सांगितलं. म्हणाले, फोटोपेक्षा तुझ्या हातचं बरं दिसेल."

"आज सांगितलं?"

"छे. मागच्या आठवड्यात."

मागच्या आठवड्यात फोटो भिंतीवर होता.

५

संध्याकाळी पुन्हा तेच चौघे, त्याच खुर्च्यांवर. उजेड तांबूस आणि थकलेला होता. आन्साने चौकट मांडीवर घेतली होती.

"चोराला घाई असते," मी सुरुवात केली. "तो चौकटीसकट नेतो, किंवा काच फोडून फोटो ओढतो. हा चोर निवांत बसला. खिळे एकेक करून उपटले, हरवू नयेत म्हणून बशीत ठेवले. कुणी येईल अशी भीती त्याला नव्हती. कारण कुणी आलं असतं तरी तो स्वतःच्याच खुर्चीत बसलेला दिसला असता."

ओबियागेलीने आन्साकडे पाहिले आणि लगेच नजर टाइपरायटरवर वळवली.

"भिंग प्रुफांसाठी नव्हतं. प्रुफं आलीच नव्हती. आणि फोटो हरवायच्या आधीच फोटोऐवजी चित्र कोरायला सांगितलं गेलं होतं." माझा आवाज कोर्टातल्यासारखा सपाट झाला होता, कठीण वाक्ये पार करायला मला तोच आवाज येतो. "काच फोडली असती तर चोरी खरी वाटली असती, कोबिना. तेवढी एक गोष्ट तुमच्यानं झाली नाही. ती आराबानं आणलेली होती."

आन्साने टेबलाचा खण ओढला. आत आराबाचे प्रार्थनेचे पुस्तक होते. त्यातून त्याने फोटो काढला, अलगद, कडांना धरून.

"काच फोडायला हात उचलला होता," तो म्हणाला. "दोनदा."

"कधी कळलं?" मी विचारले.

"लंडनचं पत्र आलं तेव्हा. म्हटलं, धाडण्याआधी एकदा नीट बघून घ्यावा. दिसेना, म्हणून भिंग घेतलं. डोळे शाबूत असते तर मला जन्मात कळलं नसतं, मोरेनिके. कोठडीनं डोळे नेले आणि एवढं एक दाखवलं. तुमच्याकडं अशी रीत आहे ते मग बाजारात एका फोटोवाल्यानं सांगितलं. हसत हसत सांगितलं त्यानं."

केहिंदे उभा राहिला होता. "मग मला का नाही विचारलंत, एग्बोन?"

"काय विचारायचं? मेला होता का तो, असं?"

तो शब्द खोलीत पडला. मी तोंड फिरवले. केहिंदे एक पाऊल मागे सरला, उकळते पाणी अंगावर आल्यासारखा. आन्साला ते दिसले. पण तो परका माणूस होता, आणि आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता.

"मेला होता! पहिल्याच पावसाळ्यात मेला होता! आणि मी कोठडीच्या भिंतीशी बसून रोज स्वतःला बजावत होतो, तोंड उघडू नकोस, वाट बंद होईल, पलीकडे ते पोरगं एकटं आहे. आराबा एकदाच भेटली मला आत. अंगात तापच होता तिच्या. मी म्हटलं, सांगून टाकतो, घरी येतो. ती म्हणाली, 'नाही. तो कुणाच्या तरी आईचा मुलगा आहे.'" त्याचा आवाज तुटला. "कुणासाठी गेली ती, केहिंदे? एका काचेसाठी?"

लॉरी मघाच निघून गेली होती. रस्त्यावर एक बाई कणसे विकत ओरडत होती. तिचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"कविता खोट्या नाहीत, ओगा," ओबियागेली म्हणाली. इतका वेळ ती रडत होती हे तेव्हा मला कळले. "मी तिकडून आलेय. मी सांगते. मीठ तेवढं खोटं आहे. बाकी सगळं तसंच होतं."

आन्साने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पुन्हा संपादक झाला होता, म्हातारा आणि हट्टी.

"पुस्तक ताइवोच्या नावानं निघेल. फोटो जाणार नाही, चित्र जाईल. तो पलीकडे होता. एवढंच मला हवंय. बाकी तुम्ही काहीही काढून न्या माझ्यापासून."

"ते नाव आईचं आहे, त्याचं आहे. मला ते नको होतं कधी," केहिंदे म्हणाला. तो टेबलापाशी आला आणि फोटोच्या दोन चेहऱ्यांमधल्या काळ्या घडीवर त्याने बोट ठेवले. "तुमचं मी काय नेलं ते मला माहीत आहे, एग्बोन. ते परत करायला माझ्याकडे काही नाही. मारा, मी इथंच उभा आहे. पण आईकडे दोन वाट्या असतात. रोज ती दोन्ही भरते. एक त्याची, एक माझी. तुमच्या पुस्तकात एकच वाटी आहे, आणि चार वर्षं मी उपाशी आहे. मला एवढंच सांगा. तुम्ही आता सगळं जाणता. या कविता वाचताना, रात्री, एकटे असताना, तुम्हाला आवाज कुणाचा ऐकू येतो? माझा की त्याचा?"

आन्सा उठला. फोटो त्याने टेबलावर ठेवला, उताणा. मग आराबाची रिकामी चौकट उचलली, बाहीने पुन्हा एकदा पुसली, बशीतले खिळे खिशात ओतले, आणि चौकट काखेत धरून, आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता, भिंतीचा आधार घेत तो जिना उतरून गेला.